बारीक नजर : वय चोरणारी गिटार

दोस्तांनो, पानिपतच्या लढाईनंतर (१७६१) ‘मीच सदाशिवरावभाऊ’ म्हणत एक तोतया उभा राहिला आणि त्याने भल्याभल्यांना चकवलं, हे तुम्ही वाचलंच असेल. आज आपल्याला तोतया माणूस नाही, तोतया वाद्य पकडायचंय.

वाद्य आहे बेस गिटार. चार जाड तारा आणि खर्जातला ढुम् ढुम् आवाज. विजेवर वाजणारी ही गिटार अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर नावाच्या रेडिओ-दुरुस्तीवाल्याने गाजवली. गंमत म्हणजे त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! १९५१ साली त्याची ‘प्रिसिजन बेस’ आली, १९६० साली ‘जॅझ बेस’. १९६५ च्या जानेवारीत त्याने कंपनी सीबीएसला विकली. त्याआधीच्या गिटारी जास्त चांगल्या, असं वादक मानतात. म्हणून १९६२ सालची, काहीही न बदललेली जॅझ बेस आपल्या पैशात दहा लाखांच्या वर सहज जाते. आता एवढे पैसे म्हटल्यावर लबाडी आलीच. इंटरनेटवरच्या जाहिरातीत तर वस्तू हातात नसते, असतात फक्त फोटो. कुणीतरी आयुष्यभराची शिल्लक त्या फोटोंवर लावतो.

मग पाहायचं काय?

पुष्कळ जण आधी गिटारीच्या डोक्यावरचं नाव बघतात. ते तर चिकटवलेलं चित्र, तसली चित्रं विकत मिळतात. मग मागच्या लोखंडी पट्टीवरचा क्रमांक. तो कामाचा आहे, पण पट्टी चार स्क्रूंवर बसते. पेचकस फिरवला की एकीची पट्टी दुसरीला! तरी एक गोष्ट ध्यानात ठेवा : १९६५ ते १९७६ मधल्या पट्टीवर मोठा ‘एफ’ कोरलेला असतो.

खरी साक्ष असते पोटात. गिटारीची मान सोडवली की तिच्या टाचेवर बहुधा महिना आणि साल सापडतं, आधी पेन्सिलीने लिहिलेलं आणि १९६२ पासून शिक्का मारलेलं. आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखाली एक गोल भाग असतो, त्यावर आकडे असतात. समजा १३७६६१५ असे आहेत. १३७ म्हणजे तो भाग बनवणारी कंपनी, ६६ म्हणजे १९६६ साल आणि १५ म्हणजे त्या वर्षाचा पंधरावा आठवडा. फेंडरने १९६६ साली असे भाग घाऊक घेतले होते, ते पुढे काही वर्षं पुरले. म्हणजे १९६८ च्या गिटारीत १९६६ चा भाग असू शकतो. उलटं मात्र चालत नाही. कालचा भात आजच्या फोडणीत पडतो, उद्याचा कसा पडेल? नंतरचा आकडा दिसला तर तो भाग बदललेला आहे किंवा गिटारच नंतरची आहे. तारेचं डाखकाम ताजं, चकचकीत दिसतंय का, तेही बघा.

झीजसुद्धा बोलते बरं का! वाजवताना हात जिथे घासतो, पट्ट्याचं बक्कल जिथे लागतं, तिथलाच रंग जातो. सगळीकडे सारखीच झिजलेली गिटार बहुधा कानशीने ‘म्हातारी’ केलेली असते. जुन्या लॅकरला बारीक वेड्यावाकड्या भेगा पडतात, पात्याने ओढलेल्या मात्र फार सरळ येतात.

आता एक भेद नीट लक्षात घ्या. बदललेली गिटार म्हणजे खोटी गिटार नव्हे. नवा रंग दिला की किंमत जवळजवळ निम्म्यावर येते, पण ‘रंग नवा आहे’ असं सांगून विकली तर तो सरळ व्यवहार झाला. जाको पास्तोरियस या वादकाची गाजलेली बेस १९६२ चीच होती. तिचे पडदे काढलेले, खाचा बुजवलेल्या आणि वर इपॉक्सीचा थर. ती १९८६ साली न्यूयॉर्कमध्ये चोरीला गेली आणि वीसेक वर्षांनी तिथेच सापडली. ‘मूळची नाही’ म्हणून तिला कुणी नाक मुरडलं नाही!

म्हणून पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडे फोटो मागायचे : मानेच्या टाचेचा, बटणांखालच्या खोबणीचा आणि पुढचं प्लॅस्टिक काढून खालच्या लाकडाचा. जादा भोकं तिथेच लपतात. लाकडाच्या रेषा बोटांच्या ठशांसारख्या असतात. दोन जाहिरातींत त्या सारख्या दिसल्या तर एकाने दुसऱ्याचे फोटो उचललेत. ‘स्क्रू खोलणार नाही’ असं कुणी म्हटलं, तर आपण दुसरी जाहिरात बघावी.

आता तुमची पाळी. जाहिरात म्हणते : ‘१९६२ ची जॅझ बेस, काहीही बदललेलं नाही.’ फोटोत दिसतं : मागच्या पट्टीवर मोठा एफ, आतल्या भागावर १३७६६१५ आणि मानेवर खुणेचे चौकोनी ठोकळे. (१९६२ साली तिथे गोल ठिपके असत. ठोकळे आले १९६६ च्या सुमारास.) डाखकाम जुनं, भोकं एकही जादा नाही. तर ही गिटार तोतया आहे की नुसतीच वय चोरणारी? कारणांसह पोस्टकार्डावर लिहा. उत्तर पुढच्या अंकात!