खोट्या चिठ्ठीचा रानपिंगळा

इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयात भरून ठेवलेला एक रानपिंगळा, म्हणजे एक छोटं घुबड, आहे. त्याची नोंद सांगत होती: १९१४, तापीकाठचं मांडवी, गुजरात, मिळवणारे कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. ती नोंद धडधडीत खोटी होती.

हा पिंगळा मुळात आमच्या खानदेशातला. १८८०च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने तो टिपला होता. कर्नलसाहेबांनी तो संग्रहालयातून चोरला, टाके उसवले, आतलं भरण बदललं आणि आपली चिठ्ठी लावली. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो क्ष-किरणांखाली तपासला तेव्हा डेव्हिडसनच्या पक्षी भरण्याच्या पद्धतीच्या खुणा आत सापडल्याच. चोराला त्या पुसता आल्या नव्हत्या.

माझा राग नुसत्या चोरीवर नाही. हा पक्षी जगात उरलाय का, याचा शोध घेणारे या एका चिठ्ठीमुळे भलत्या जागी भटकत राहिले. १८८४ नंतर एकही खरा नमुना नव्हता. खोटी नोंद बाजूला सारून जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर निघाल्यावर २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना खानदेशातल्याच शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा दिसला. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पोट पांढरं, पाय दणकट, आणि दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला! पुढे तो मेळघाटात, तानसा अभयारण्यातही दिसला.

मी शहाद्याच्या बाजूचा. नोकरीभर प्राणिशास्त्र शिकवलं. एका महाविद्यालयात कपाट रिकामं करायचं म्हणून भरलेले पक्षी उकिरड्यावर टाकलेले मी पाहिलेत. पायाच्या चिठ्ठ्या वाळवीने खाल्ल्या होत्या, म्हणून ते ‘निरुपयोगी’ ठरले. कुठून आणले, कधी आणले, हे कुणीच उतरवून घेतलं नव्हतं. चिठ्ठी गेली की पक्षी मुका होतो.

संग्रहालय म्हटलं की आपल्याकडे इमारतीला पैसे मिळतात, नोंदी राखणाऱ्या माणसाला नाही. विद्यापीठांनी आपल्या प्राणिशास्त्र विभागांतल्या प्रत्येक नमुन्याचा आणि त्याच्या चिठ्ठीचा फोटो काढून यादी खुली करावी. त्यासाठी एक पगारी जागा मंजूर व्हायला हवी, यंदाच्या अंदाजपत्रकातच. आणि खानदेशातून गेलेल्या पिंगळ्यांच्या नोंदी शहाद्याच्या पोरांना मराठीत वाचायला मिळाव्यात. जंगल त्यांच्या दारात आहे.