खुळखुळा आणि ब्रेल

अंध मूल म्हटले की आपल्याला पेटी-तबला आठवतो. त्याने गवई व्हावे, निदान भजन करून पोट भरावे, अशी त्याची सोय समाजाने मनोमन लावून टाकलेली असते. त्याच्या हातांचे काय, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानी येतो.

डोळस मूल पाचव्या महिन्याच्या सुमारास दिसेल त्या वस्तूकडे झेपावते. त्याच्या हाताला डोळ्यांनीच बोलावणे धाडलेले असते. सेल्मा फ्रायबर्ग या अमेरिकन विदुषींनी जन्मांध अर्भकांचे दीर्घकाळ निरीक्षण करून १९७७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. नुसत्या आवाजाच्या रोखाने हात नेणे या मुलांना बहुधा पहिल्या वर्षाच्या अखेरीस साधते, असे त्यांना आढळले. वाजते ते हाती धरता येते, हे त्यांना अनुभवाने जुळवावे लागते. तोवर हात खांद्यापाशी मुडपून रिकामे राहतात. आणि मूल किती शांत आहे म्हणून घरची माणसे समाधान मानतात!

खुळखुळ्याचे महत्त्व येथे आहे. तो आधी बाळाच्या मुठीत वाजावा, सुटला की तेथेच पुन्हा वाजवावा आणि कोपराला आधार देऊन हात त्याच्याकडे वळवावा. पुढे पिळून वाजणारी रबरी बाहुली, काठीने बडवायची टिमकी, बोटाबोटाने दाबायची लहानशी पेटी. पकड, दोन्ही हातांचा मेळ, बोटांची सुटी हालचाल ही सारी त्यांतूनच येते. बाजारातील बॅटरीच्या खेळण्यांची एक कळ दाबली की अख्खे गाणे वाजते. कान तृप्त होतात, हात होता तेथेच राहतो. नाद हाताच्या श्रमातून निघाला पाहिजे. त्यासाठी जत्रेतली टिमकीही पुरे.

ब्रेलचे अक्षर सहा ठिपक्यांचे, बोटाच्या टोकाखाली मावणारे. आपल्याकडे अंधशाळांची परंपरा जुनी आहे. मुंबईत ॲना मिलर्ड यांनी १९०० साली शाळा काढली. पण शाळेत बहुधा सहा वर्षांचे मूल येते. २०१६ च्या कायद्याने दिलेला मोफत शिक्षणाचा हक्कही ६ ते १८ या वयाचाच. त्याआधीची वर्षे अंगणवाडीच्या वाट्याची, आणि दिव्यांग बालकांसाठी अंगणवाड्यांना केंद्राने २०२३ साली कार्यपद्धतीही आखून दिली आहे. आता प्रत्येक अंगणवाडीत वजनकाट्याशेजारी खुळखुळा व टिमकी हवी. ती अंध बाळाच्या हाती कशी द्यावी, हे सेविकेला कोणीतरी प्रत्यक्ष बसून दाखवावयास हवे. आणि त्या कामाचे चार पैसे तिच्या मानधनात पडावयास हवेत.