हौसेची सोनोग्राफी



अमेरिकेतल्या आपल्या लेकी-सुना हल्ली खास स्टुडिओत जाऊन पोटातल्या बाळाचे फोटो, व्हिडिओ काढून घेतात. साधारण २६ ते ३२ आठवड्यांत जा, आधी भरपूर पाणी पी, अशी तयारीही सांगतात.

माझं मत विचाराल तर नुसत्या हौसेसाठी जाऊ नये. अल्ट्रासाऊंडने शरीराच्या पेशी किंचित तापू शकतात, म्हणून तिथलं अन्न व औषध प्रशासनही आठवणीपुरत्या सोनोग्राफीला नको म्हणतं. डॉक्टरांकडच्या नेहमीच्या तपासणीतलाच एक फोटो मागून घ्यावा.

खरी तयारी मात्र इकडे आपल्याला करायची आहे. व्हॉट्सअॅपवर फोटो आला, की आपण आधी विचारतो, "मुलगा की मुलगी?" आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने गर्भलिंग सांगायला बंदी आहे. तिकडे ती नाही, म्हणून आपण विचारायचं का? मुंगीलाही जपणारी घरं आपली. त्या एका प्रश्नाने पोटुशी सून किती धास्तावते, हे आपल्यालाच ठाऊक.

त्यापेक्षा विचारूया, "नीट जेवतेस ना बाळा? झोप लागते ना?"