अपुरे चित्र की अपुरी नजर?

गेल्या हिवाळ्यात नाशकातील एका चित्रप्रदर्शनात आम्ही एका उद्यानचित्रासमोर उभे होतो. चित्र तैलरंगातील, दीडएक हात रुंदीचे. विषय साधाच होता : सकाळची वेळ, गुलाबाचे ताटवे, मागे आंब्यांची दाट राई आणि मधून गेलेली तांबूस मातीची पाऊलवाट. इतक्यात एक सुशिक्षित गृहस्थ आपल्या कुटुंबासह तेथे आले. त्यांनी क्षणभर चित्र न्याहाळले आणि ते पत्नीस म्हणाले, "रंग छान आहेत, पण चित्र अजून पुरे झालेले दिसत नाही." बरोबरच्या लहान मुलीने विचारले, "बाबा, झाडाची सावली जांभळी का हो काढली?" गृहस्थ हसून उत्तरले, "चुकले असेल त्यांचे. सावली काळीच असते." मंडळी पुढे गेली. त्या मुलीने मात्र दोनदा मागे वळून पाहिले.

हे उत्तर आमच्या मनातून जाईना, म्हणून हा लेखप्रपंच. त्या गृहस्थांविषयी आमच्या मनात अनादर नाही. ते आमच्याच वर्गातले, ग्रंथ वाचणारे, गाणे ऐकणारे, मुलांच्या शिक्षणाची काळजी वाहणारे. परंतु गाण्यातील एक स्वर ढळला तर भुवई उंचावणारा हा आमचा वर्ग चित्रासमोर उभा राहिला की इतका निर्धास्तपणे निकाल देतो, याचे आम्हांस नवल वाटते. उजेडाच्या खेळावर भर देणाऱ्या चित्रांविरुद्ध या वर्गाचे तीन आक्षेप असतात : रंग खोटे, काम अपुरे आणि पद्धत परकी. हे तिन्ही आक्षेप अज्ञानमूलक आहेत असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम रंगाचा विचार करू. सावली काळी असते, असे आपण डोळ्यांनी पाहून म्हणत नाही. लहानपणी कोणीतरी सांगितले म्हणून म्हणतो. सूर्याचा थेट प्रकाश जेथे अडतो तेथे सर्वच प्रकाश नाहीसा होत नाही. निळ्या आकाशातून उतरणारा उजेड त्या जागी पडतच असतो, आणि म्हणून निरभ्र दिवसाची सावली निळसर असते. भोवतालचे ऊन पिवळे असेल तर तीच सावली डोळ्यांस जांभळी भासते, कारण शेजारच्या रंगामुळे रंगाचे रूप पालटते. हा नियम १८३९ साली शेव्हरल या फ्रेंच रसायनज्ञाने एका ग्रंथात सविस्तर मांडला. पॅरिसमधील गोब्लँ या विणकामाच्या प्रसिद्ध कारखान्यात तो रंगाईचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो अशी तेथे तक्रार होती. त्याने तपासून पाहिले तेव्हा धाग्याच्या रंगात खोट नव्हती. शेजारच्या रंगांमुळे काळा निस्तेज दिसत होता.

पण पॅरिसपर्यंत जावयाचे कारण काय? मार्गशीर्षातील एखाद्या सकाळी आठाच्या सुमारास गोदाघाटावर जावे. नुकत्याच न्हालेल्या माणसांच्या पायांनी ओल्या झालेल्या पायऱ्या काळ्या पाषाणाच्या खऱ्या. पण त्या वेळी त्यांत काळेपणा कितीसा असतो? एका कडेला आकाशाची निळाई, दुसऱ्या कडेला नारोशंकराच्या देवळाच्या भिंतींवरून परतलेला ऊबदार उजेड, आणि मध्ये कोणाच्या वाळत घातलेल्या लुगड्याची तांबडी झाक. जो हे पाहतो आणि तसेच रंगवितो तो खोटे बोलत नाही. खोटे बोलतो तो काळ्या रंगाची डबी उघडून बसणारा.

येथे आमच्या वाचक भगिनींस एक प्रश्न विचारतो. आमच्याच जिल्ह्यातील येवल्याची पैठणी आपण हातात घेता, ती उजेडात फिरविता, आणि तिच्या धूपछाव रंगावर लुब्ध होता. तो रंग कोठून येतो? ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. दोन्ही धागे शुद्ध, एकमेकांत न मिसळलेले. त्यांचा मिलाफ होतो तो आपल्या डोळ्यांत, आणि म्हणूनच पदर हलला की रंगही हलतो. दोन रंग कुंडीत घोटून एकच केला असता तर लुगडे एकरंगी आणि मुके झाले असते. उद्यानचित्रात पानांच्या हिरव्याशेजारी निळ्याचा आणि पिवळ्याचा एकेक फटकारा सुटा ठेवणारा चित्रकार येवल्याच्या विणकऱ्याचीच युक्ती कुंचल्याने करीत असतो. मग लुगड्यात जे कसब म्हणून वाखाणावयाचे, ते चित्रात दिसताच चूक का ठरावे?

दुसरा आक्षेप अपुरेपणाचा. हा आक्षेप नवा नाही. १८७४ च्या एप्रिल महिन्यात पॅरिसमध्ये मोने, रेन्वार, पिसारो, देगा इत्यादी चित्रकारांनी आपले स्वतंत्र प्रदर्शन मांडले. त्यात मोनेचे सूर्योदयाचे एक चित्र होते. लरुआ नावाच्या टीकाकाराने त्याच्या नावातील 'इंप्रेशन' हा शब्द उचलून साऱ्या मंडळींची थट्टा केली. भिंतीस डकविण्याचा नक्षीदार कागदही याहून पुरा असतो, असा त्या थट्टेचा भाव होता. थट्टेचे नाव पुढे मानाचे झाले हे सर्वश्रुत आहे. दीडशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये जी चूक एकाने केली आणि जिच्याबद्दल आज जग त्याला हसते, तीच चूक आम्ही आज नाशकात शहाणपणाच्या थाटात करावी, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

बागेतील उजेड कोणासाठी थांबत नाही. ताटव्यावर तिरपे पडलेले ऊन तास-दीड तासात सरळ होते, सावल्या आखडतात, दवाची चमक उडते. तेवढ्या अवधीत जो काम करतो तो पान न् पान कोरीत बसला तर पहिल्या पानावर सकाळ आणि शेवटच्या पानावर दुपार उमटेल, आणि चित्रात कोणतीच वेळ उरणार नाही. म्हणूनच मोने १८९० च्या सुमारास गवताच्या गंजींची चित्रे करताना अनेक कॅनव्हास जवळ ठेवी आणि उजेड पालटला की कॅनव्हासही पालटी. उघड्यावरचे असे काम शक्य झाले त्याला एक साधे व्यावहारिक कारणही आहे : १८४१ साली रँड या अमेरिकन चित्रकाराने रंग भरण्याची कथलाची नळी शोधून काढली आणि तैलरंग झोळीत घालून शेतात नेता येऊ लागले. तात्पर्य, फटकारा रुंद आणि सुटा असतो तो आळसामुळे नव्हे. प्रत्येक फटकारा हा एक निर्णय असतो. तो पुसून पुन्हा करण्यास सवड नसते, आणि म्हणूनच त्यास घोटीव कामाहून अधिक तयारी लागते.

जलरंगात तर ही परीक्षा अधिकच कठोर. तेथे उजेड म्हणजे कोरा सोडलेला कागद. जो भाग रंगवावयाचा नाही तो आधीच ठाऊक असावा लागतो. आमच्या गावचे शिवाजी तुपे यांनी गोदाकाठची देवळे, घाट आणि वाडे जलरंगात कसे उभे केले, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस न रंगविलेल्या जागेचे मोल निराळे सांगावयास नको. ती कोरी जागा अपुरी म्हणणे म्हणजे गवयाने घेतलेल्या विश्रांतीस विसर पडला म्हणण्यासारखे आहे.

तिसरा आक्षेप देशाभिमानाचा वेष घेऊन येतो, म्हणून त्याचा समाचार अधिक नीट घेतला पाहिजे. ही पद्धत फ्रान्सची, आमची नव्हे, असे म्हणणाऱ्यांच्या देवघरात बहुधा रविवर्म्याच्या धर्तीची लक्ष्मी वा सरस्वती असते. ती परंपरा तरी कोठली? रविवर्म्याने तैलरंग आणि छायाप्रकाशाची घडण युरोपीय चित्रांवरून घेतली. १८९४ साली त्याने मुंबईत शिळाछापखाना काढला तोही जर्मन यंत्रांवर आणि जर्मन कारागिरांच्या साह्याने. त्या चित्रांस आम्ही आपले मानले, आणि ते योग्यच केले. पण मग एक युरोपीय पद्धत घरची आणि दुसरी परकी, हा न्याय कोठला? शिवाय ज्या मोनेस परका म्हणावयाचे, त्याच्या घराच्या भिंती जपानी छापील चित्रांनी भरलेल्या होत्या, आणि १८८३ पासून ज्या झिव्हर्नी गावी तो राहिला तेथील आपल्या कमळांच्या तळ्यावर त्याने जपानी धर्तीचा पूल बांधला होता. कला सीमेवर जकात देऊन जात नाही.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेऊन ते गावी परतले, शाहू छत्रपतींचा आश्रय त्यांस लाभला, आणि १९३१ साली मृत्यू येईपर्यंत ते कोटितीर्थाच्या तळ्याचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवीत राहिले. त्यांच्या निसर्गचित्रांतील थरथरता उजेड पाहून जाणत्यांस फ्रेंच चित्रकारांची आठवण होते. एकच तळे निरनिराळ्या प्रहरी पाहत बसण्याची ही तपश्चर्या कोणा परक्याची उसनवारी नव्हे. ती पाहणाऱ्या डोळ्याची स्वतःची कमाई आहे. पुढे १९३८ नंतर नाझींच्या छळामुळे व्हिएन्ना सोडून मुंबईस आलेल्या वॉल्टर लँगहॅमरने रझा, आरा आदी तरुणांस रंगांचा मोकळा वापर करण्यास उत्तेजन दिले. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे उतारवयात रंगांच्या बिंदूंनी चित्र घडविण्याकडे वळले. ही सारी माणसे एका मोठ्या संभाषणातील आपापले बोलणे बोलत होती.

आमच्या प्रतिपक्षाची एक गोष्ट आम्हांस मान्य आहे. या पद्धतीच्या नावावर आज पुष्कळ भुक्कड मालही खपतो. रंगपात्यांनी चार थर फासावे, वर तांबडे ठिपके उडवावे आणि दिवाणखान्यातील गादीच्या रंगाशी जुळते म्हणून विकावे, असे चित्र आम्हीही पाहिले आहे. पण खोट्या नाण्यावरून खऱ्याची परीक्षा होत नाही. कसोटी सोपी आहे : चार पावले मागे सरावे. खऱ्या चित्रातील सुटे फटकारे एकवटतात, सकाळची वेळ सांगता येते, ऊन कोणत्या बाजूचे ते कळते. खोट्यातले फटकारे दूर गेल्यावरही फटकारेच राहतात.

हा वाद चित्रशौकिनांपुरता असता तर आम्ही वाचकांचा वेळ घेतला नसता. पण त्या लहान मुलीस सावली जांभळी दिसत होती, आणि वडिलांनी तिच्या डोळ्यांस खोटे ठरविले. आम्हीही लहानपणी पेरूच्या झाडाचे खोड हिरवट-गुलाबी रंगविले होते; गुरुजींनी त्यावर विटकरी रंग फासला, आणि पुढे कित्येक वर्षे आम्ही पेरूचे झाड पाहिलेच नाही. शाळांतून आजही दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, एक झोपडी आणि एक नदी हे ठराविक चित्र मुले गिरवितात. सरकारी चित्रकला परीक्षांत स्मरणचित्राचा विषय असतो. त्याच्या तयारीसाठी तयार आकृत्या घोकून घेतल्या जातात. ज्याने पाहिलेच नाही, त्याने स्मरावे तरी काय?

न पाहण्याची ही सवय वहीत थांबत नाही. मोगलांच्या अमदानीत या गावास गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचे नगर, म्हणत. २०२५ च्या अखेरीस कुंभमेळ्यातील साधुग्रामासाठी तपोवनातील झाडे तोडण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा पुष्कळ नागरिक झाडांच्या बाजूने उभे राहिले याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु त्याच वेळी, "एक झाड गेले तर दुसरे लावू," असे म्हणणारे सुशिक्षितही आम्हांस भेटले. त्यांच्या लेखी झाड म्हणजे तपकिरी खांबावरचा हिरवा गोळा. असा गोळा कोठेही ठेवता येतो. ज्याने एका वडाखालचे सकाळचे ऊन आणि सायंकाळचे ऊन निरनिराळे पाहिले आहे, त्याच्या तोंडी असे वाक्य सहसा येणार नाही.

म्हणून वाचकांस आमची विनंती एवढीच. पुढच्या वेळी अशा चित्रासमोर उभे राहाल तेव्हा निकाल देण्यापूर्वी मुलांस विचारा, "तुला काय दिसते?" उत्तर जांभळे आले तर त्यास काळे करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यास घेऊन एखाद्या बागेत जा, झाडाच्या सावलीत पांढरा रुमाल पसरा, आणि त्याचा रंग दोघे मिळून ठरवा.