सत्तांतराचा अभ्यासक्रम

जयपूर : राजस्थानात १९९८ ते २०२३ या काळातील प्रत्येक विधानसभा निवडणुकीत सत्तांतर झाले आणि त्यापाठोपाठ पाठ्यपुस्तकेही बदलत गेली. २०१६ मध्ये भाजपच्या राजवटीत आठवीच्या सामाजिक शास्त्रातून नेहरूंचे नाव वगळले गेले. २०१९ मध्ये काँग्रेसच्या राजवटीत बारावीच्या पुस्तकात सावरकरांमागील ‘वीर’ गेले. पक्ष भिन्न, वृत्ती एकच.

बारावीचा विद्यार्थी निदान प्रश्न तरी विचारील. सहावी ते आठवीचे मूल छापील मजकुरालाच सत्य मानते. २०१६ मधला आठवीचा विद्यार्थी २०२३ मध्ये मतदार झालेला होता. देशाचा पहिला पंतप्रधान त्याला पुस्तकाबाहेर शोधावा लागला असेल, तर अनुत्तीर्ण तो नव्हे, राज्यकर्ते ठरतात. अभ्यासक्रम मंत्र्यांच्या मर्जीतून सोडवून स्वायत्त विद्वत्मंडळाकडे सोपवणे, हाच यावरील उपाय होय.