मांजराचे नाव आधी

नवव्या शतकात आयर्लंडचा एक ख्रिस्ती साधू मायदेशापासून दूर, युरोपच्या मुख्य भूमीवर अभ्यास करीत होता. त्याच्या वहीत लॅटिन स्तोत्रे आणि व्याकरणाची टिपणे आहेत. त्याच वहीत आयरिश भाषेत एका मांजरावरची आठ कडव्यांची कविताही आहे. (तुम्हीही गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर शेर लिहिता, हे मला ठाऊक आहे!) ती वही आज ऑस्ट्रियातील एका मठात जपून ठेवली आहे. कवीचे नाव कोणालाच माहीत नाही. मांजराचे मात्र माहीत आहे : पँगुर बॉन.

कवितेतली गोष्ट साधी आहे. रात्री दोघे एकाच खोलीत असतात. मांजर उंदराच्या पाळतीवर असते आणि साधू एखाद्या अवघड शब्दाच्या अर्थाच्या. उंदीर पंजात सापडला की मांजर खूश होते. अर्थ सापडला की साधू. कोणी कोणाच्या कामात लुडबूड करीत नाही.

या कवितेची इंग्रजी रूपांतरे पुष्कळ झाली. रॉबिन फ्लॉवर यांचे तर आयर्लंडमध्ये फारच आवडते. तरीही शेमस हीनी यांनी 2006 साली आपले नवे रूपांतर प्रसिद्ध केले. हीनींना 1995 चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यांची घरची भाषा इंग्रजी. आयरिश ते शाळेत शिकले. म्हणजे तुम्ही जशी मराठी शिकता, तशीच!

मुळातल्या आखूड, यमक जुळणाऱ्या ओळी हीनींनी राखल्या. पण एक बदल केला. मुळात ‘मी’ आधी येतो, मग पँगुर. हीनींनी मांजराला आधी बसवले.

कोणी म्हणेल, हा मुळाशी बेइमानीपणा झाला. मला तसे वाटत नाही. दोघे बरोबरीचे आहेत, हेच तर त्या कवितेत सांगितले आहे. आपण पाहुण्याला ‘पहले आप’ म्हणतो, तेव्हा आपण लहान होत नाही. शब्दाला शब्द ठेवणारे भाषांतर परीक्षेच्या पेपरात शोभते, आणि तिथेही मी पूर्ण गुण देतोच असे नाही.

‘बॉन’ म्हणजे पांढरा. हा अर्थ ठाऊक असूनही हीनींनी ते नाव इंग्रजीत फिरवले नाही. घरच्या मांजराला कोणी परक्या भाषेत हाक मारते का?