'विकत घेतले' म्हणजे नेमके काय?

ऑनलाइन खेळांविषयी संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा केला. त्यावरील चर्चेचा सारा भर पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर राहिला, आणि त्या खेळांनी उद्ध्वस्त केलेली कुटुंबे पाहता ते स्वाभाविकही होते. मात्र या क्षेत्रातील दुसरा, कमी नाट्यमय प्रश्न त्यामुळे झाकोळला. पैज नाही, जुगार नाही. एखाद्याने रीतसर किंमत मोजून संगणकीय खेळ विकत घेतला आणि तो चालेचना, तर पैसे परत मागण्याचा अधिकार त्याला आहे काय?

हा प्रश्न इतरत्र न्यायालयांपुढे येऊन गेला आहे. 'स्टीम' हे डिजिटल खेळांचे विशाल दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीविरुद्ध ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने २०१४ मध्ये दावा दाखल केला. ग्राहकांशी झालेला करार वॉशिंग्टन राज्याच्या कायद्याने बांधलेला आहे आणि आपण वस्तू विकतच नाही, असा कंपनीचा बचाव होता. तो टिकला नाही. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात 'वस्तू'च्या व्याख्येतच सॉफ्टवेअरचा समावेश आहे. डिसेंबर २०१६ मध्ये कंपनीला ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला आणि पुढील अपिलांतही निकाल बदलला नाही. दरम्यान जून २०१५ मध्ये कंपनीने परताव्याचे धोरण जाहीर केले होते : खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असल्यास पैसे परत. हे धोरण उपयुक्त आहे, पण ती विक्रेत्याने दिलेली सवलत आहे. सवलत देणारा ती मागेही घेऊ शकतो. अधिकाराचे तसे नसते.

भारतात कायद्याची पाटी कोरी नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'ई-कॉमर्स'च्या व्याख्येत डिजिटल उत्पादनांना स्थान दिले. सदोष वस्तू परत घेण्यास किंवा सदोष सेवेचे पैसे परत करण्यास नकार देणे ही त्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावतीवर मुदत नमूद नसेल तर ३० दिवसांची मुदत गृहीत धरली जाते. २०२०चे ई-कॉमर्स नियम तर भारतीय ग्राहकांना पद्धतशीरपणे माल वा सेवा देऊ करणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत, आणि जाहिरातीत वर्णिलेली वैशिष्ट्ये नसलेल्या मालाचे पैसे नाकारण्यास ते मनाई करतात.

मग अडते कुठे? पहिली अडचण व्याख्येची आहे. 'डिजिटल उत्पादन' हा शब्द कायद्यात आला, त्याचा अर्थ मात्र आला नाही. तयार स्वरूपात विकले जाणारे सॉफ्टवेअर ही विक्रीकरासाठी 'वस्तू'च आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या प्रकरणात दिला. परंतु ते सॉफ्टवेअर तबकडीसारख्या माध्यमावर होते. आजचा खेळ तबकडीवर येत नाही. तो वस्तू मानला तर 'दोष' सिद्ध करावा लागतो आणि सेवा मानली तर 'त्रुटी'. दोन्ही वाटा परताव्याकडेच जातात. पण कोणती वाट धरायची यावरच वाद घालून तक्रार लांबवता येते.

दुसरी अडचण कराराची. बटणावर 'खरेदी करा' असे लिहिलेले असते, अटींमध्ये मात्र 'परवाना'. युबिसॉफ्टने 'द क्रू' या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला खेळ निरुपयोगी झाला. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी कायदा करून, केवळ परवाना दिला जात असेल तर तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी' हा शब्द वापरण्यास बंदी घातली. आपल्याकडे एकतर्फी अटींना 'अनुचित करार' म्हणून आव्हान देता येते, पण जिल्हा आयोगात नव्हे. त्यासाठी राज्य आयोग गाठावा लागतो. दोन-तीन हजार रुपयांच्या खेळासाठी ती पायरी कोण चढेल?

१९३०च्या माल विक्री कायद्यामागे 'खरेदीदाराने सावध राहावे' हे जुने तत्त्व होते. धान्याची मूठ हातात घेऊन पारखणाऱ्या ग्राहकाला ते शोभत होते. डिजिटल खेळाचा ग्राहक आधी फक्त जाहिरातीची चित्रफीत पाहतो. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' हा बहुचर्चित खेळ जुन्या प्लेस्टेशनवर इतका सदोष निघाला की सोनीने तो आठवडाभरात आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले. तिथे गाजावाजा झाला म्हणून न्याय मिळाला. ज्याच्या खेळाचा गाजावाजा होत नाही, त्याने काय करावे?

परताव्याच्या अधिकाराचा गैरवापर होईल, हा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. छोटा खेळ दोन तासांत संपवून पैसे परत मागणे शक्य आहे, आणि त्याचा फटका मोठ्या कंपन्यांपेक्षा पुण्यात 'राजी'सारखा खेळ घडवणाऱ्या नॉडिंग हेड्स गेम्ससारख्या छोट्या निर्मात्यांना अधिक बसेल. म्हणूनच 'मन बदलले' आणि 'माल सदोष निघाला' यांत भेद केला पाहिजे. पहिल्या कारणासाठी विक्रेत्याने घड्याळ लावावे. दुसऱ्यासाठी घड्याळ पुरेसे नाही, कारण दहाव्या तासाला उघड होणारा दोषही दोषच असतो. ब्रिटनच्या २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याने डिजिटल आशयासाठी स्वतंत्र प्रकरण लिहून आधी दुरुस्ती, ती न जमल्यास किमतीत घट, असा क्रम घालून दिला आहे. तो निर्मात्यालाही न्याय देतो.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'डार्क पॅटर्न'विषयी मार्गदर्शक तत्त्वे काढून १३ फसव्या क्लृप्त्या नावानिशी नोंदवल्या. त्याच अधिकारात डिजिटल उत्पादनाचा अर्थ, दोषाची कसोटी, सर्व्हर बंद करण्याची पूर्वसूचना आणि परताव्याचा क्रम स्पष्ट करता येईल. शेकडो ग्राहकांची सारखी तक्रार असेल तेव्हा प्राधिकरणाने स्वतःहून चौकशी करावी; एकेकट्याला न परवडणारा न्याय सामूहिकरीत्या मिळावा, यासाठीच ही संस्था निर्माण झाली आहे.

प्रश्न खेळांपुरता राहणारही नाही. पुस्तके, चित्रपट, अभ्यासक्रम, घरातील उपकरणे चालवणारी प्रणाली, सारेच आता परवान्याच्या भाषेत विकले जाऊ लागले आहे. खेळाच्या ग्राहकाला आज जे उत्तर मिळेल, तेच उद्या इतर सर्वांच्या वाट्याला येईल.